वीरांचें विद्यापीठ

अंगीं अलौकिक शक्ति असलेल्या मुलांना एकत्र आणावें, त्यांना त्या शक्तीचा उपयोग शिकवावा आणि शिक्षण पुरें झालें म्हणजे 'वीर' ही पदवी देऊन जगापुढें उभें करावें, ही कल्पना गेल्या साठ वर्षांत पाश्चात्य व जपानी कथाकारांच्या मनांत चांगलीच घर करून बसली आहे. १९६३ सालीं अमेरिकेंत स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनीं 'एक्स-मेन' ही चित्रकथा सुरू केली. तींत प्रोफेसर झेवियर नांवाचा, चाकांच्या खुर्चीवर बसून असणारा एक मनोवेत्ता अशा मुलांची शाळा चालवितो. २०१४ पासून २०२४ पर्यंत जपानांत कोहेइ होरिकोशी यांची 'माय हीरो अॅकॅडेमिया' चालली. तिच्या जगांत दर दहा माणसांपैकीं आठांना कांहीं ना कांहीं विलक्षण शक्ति असते, आणि वीर होणें हा परवाना घेऊन करावयाचा रीतसर व्यवसाय आहे. २०२३ सालीं 'जेन व्ही' ही अमेरिकन चित्रमालिका निघाली आणि शाळेचें विद्यापीठ झालें.

घरोघरची तरुण मंडळी या मालिका रात्रीं जागून पाहते, आणि वडील मंडळी 'काय हा पोरखेळ!' असें म्हणून निजावयास जाते. 'जेन व्ही'पुरतें बोलावयाचें तर वडिलांची नापसंती अगदींच निराधार नाहीं. रक्तपात आणि बीभत्स प्रसंग यांची तींत इतकी रेलचेल आहे कीं, ती लहानांच्या देखत लावण्याजोगी मुळींच नाहीं. परंतु मूळ कल्पनेस पोरखेळ म्हणणाऱ्यानें आधीं महाभारताचें आदिपर्व उघडून पाहावें. वायूचा पुत्र, इंद्राचा पुत्र, अश्विनीकुमारांचे पुत्र, असे देवांशानें जन्मलेले मुलगे एका गुरूपाशीं अस्त्रविद्या शिकताहेत. गुरु त्यांची परीक्षा घेतो आहे. पुढें रंगभूमि बांधून, नगरजन बोलावून, त्यांच्या विद्येचें जाहीर प्रदर्शन होतें. आणि त्या प्रदर्शनांत ऐन वेळीं उभ्या राहिलेल्या एका परक्या तरुणास कुल विचारून खालीं मान घालावयास लावतात. दाराबाहेरच्या दुसऱ्या एका मुलाचा तर अंगठाच जातो. वीरांच्या विद्यापीठाचे सगळे रोग द्रोणाचार्यांच्या पाठशाळेंत आपणांस पूर्वींच भेटलेले आहेत. तेव्हां विषय परका नाहीं.

'जेन व्ही'मधील गॉडॉल्किन विद्यापीठाची रचना मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सर्व विचार तिच्यावर उभा आहे. तेथें मुख्य शाखा दोन. एकींत गुन्हेगारांचें पारिपत्य करण्याची विद्या शिकवितात, दुसरींत रंगमंचावर व पडद्यावर चमकण्याची. दोन्ही शाखा एकाच आवारांत असाव्यात आणि त्यांत कोणास विसंगति वाटूं नये, हा लेखकांचा पहिला टोमणा. सर्व विद्यार्थ्यांचा क्रम लावलेला असतो, आणि आज कोण वर चढला व कोण घसरला हें जो तो पाहत असतो. जो अग्रभागीं राहील त्यास 'वॉट' नांवाच्या बलाढ्य कंपनीच्या सात वीरांच्या मंडळांत जागा मिळण्याची आशा. या वीरांना आपली शक्ति ईश्वरानें दिली असें सांगून वाढविलेलें असतें. वस्तुतः ती त्याच कंपनीनें तयार केलेलें एक द्रव्य तान्हेपणीं टोचल्यामुळें आलेली असते, आणि तें टोचण्यास आईबापांनीं पैसे घेऊन संमति दिलेली असते. विद्यापीठाच्या खालीं, जमिनीच्या पोटांत, अशाच तरुणांवर गुप्तपणें प्रयोग चालतात तें निराळेंच.

या विद्यापीठांत मेरी मोरो नांवाची एक मुलगी येते. आपलें किंवा दुसऱ्याचें रक्त इच्छेप्रमाणें हालविण्याची तिची शक्ति. ती शक्ति वयांत येण्याच्या दिवशीं एकाएकीं प्रकट झाली आणि तिच्याच हातून, तिला कळण्यापूर्वीं, तिचे आईवडील मेले. आपण वीर झालों तर तें धुऊन निघेल, या आशेवर ती जगत आलेली आहे. आल्यावर थोड्याच दिवसांत एका रात्रीं एक नामांकित विद्यार्थी मौजेखातर आपली करामत दाखवूं जातो आणि एका निरपराध मुलीची मान चिरली जाते. बरोबरचे सर्व पळतात. मेरी थांबते, आपल्या शक्तीनें तें वाहतें रक्त आवरते आणि त्या मुलीचा जीव वाचविते. बक्षीस काय? तर प्रकरण दडपतां यावें म्हणून तिलाच विद्यापीठांतून काढून टाकण्याचा हुकूम. पुढें दुसऱ्या एका झटापटींत, जेथें खरा पराक्रम तिच्या सोबत्याचा असतो, तेथें सर्व वाहवा तिच्या पदरांत पडते, तिचा क्रम झरझर वर जातो; आणि ती वाहवा ती नाकारीत नाहीं. केलेल्या उपकाराबद्दल शिक्षा आणि न केलेल्या पराक्रमाबद्दल मान, हे दोन्ही अनुभव एका मुलीस एका आठवड्याच्या आंत येतात. नीतिशास्त्राचा याहून चांगला पाठ कोणत्या वर्गांत मिळाला असता?

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत ग्लॉकन हा तरुण सॉक्रेटिसापुढें एक गोष्ट मांडतो. लिडियाच्या राजाच्या पदरच्या एका मेंढपाळास भूकंपानें पडलेल्या भेगेंत एक अंगठी सांपडते. तिचा खडा आंत फिरविला कीं घालणारा अदृश्य होतो. त्या अंगठीच्या बळावर मेंढपाळ राणीस वश करतो, राजास मारतो आणि सिंहासन घेतो. ग्लॉकनचें म्हणणें असें कीं, अशी अंगठी सज्जनाच्या बोटांत घातली तरी तो तेंच करील. आपण नीतीनें वागतों तें कोणी पाहील या भयानें. अलौकिक शक्ति हातीं आली तर माणूस कसा वागेल, हा प्रश्न इतक्या उघडपणें विचारणारी याहून जुनी गोष्ट माझ्या वाचनांत नाहीं.

आतां गंमत अशी कीं, आजच्या कथाकारानें ही अंगठी उलटी फिरविली आहे. मेंढपाळास कोणी पाहत नव्हतें म्हणून तो बिघडला. गॉडॉल्किनच्या मुलांना सदैव कोणी ना कोणी पाहत असतें म्हणून तीं बिघडतात. प्रत्येकाच्या हातांत छायायंत्र आहे, प्रत्येक कृतीचें चित्र निघतें, आणि चित्र निघणार नसेल तर ती कृति केली काय न केली काय, सारखेंच असें त्यांना वाटूं लागतें. वरवर हे दोन रोग परस्परविरुद्ध दिसतात, पण मुळाशीं जाऊन पाहिलें तर रोग एकच आहे. दोन्ही ठिकाणीं कृतीची सूत्रें पाहणाऱ्याच्या हातीं आहेत. तो नसला तर पाप करावें, तो असला तर पुण्य करावें; करणाऱ्याचें स्वतःचें असें त्यांत कांहींच नाहीं. मला तर दुसरा प्रकार अधिक भयंकर वाटतो. अदृश्य मेंढपाळास आपण चोरी करीत आहों हें निदान ठाऊक असावें. छायायंत्रापुढें दयाळूपणा करणाऱ्या तरुणास आपण दयाळू नाहीं हें कळण्याचा मार्गच उरत नाहीं, कारण पुरावा सगळा त्याच्या बाजूचा असतो.

ग्लॉकनला हेंही सुचलें होतें. अंगठीच्या गोष्टीपाठोपाठ तो म्हणतो कीं, खरी परीक्षा पाहावयाची तर एक पूर्ण दुर्जन घ्या, ज्यास सर्व जग सज्जन समजतें. आणि एक पूर्ण सज्जन घ्या, ज्यास सर्व जग दुर्जन समजून छळतें. आणि मग सांगा, या दोघांपैकीं कोण व्हावेंसें वाटतें? क्रमांकाच्या यादीवर चालणारें विद्यापीठ या प्रश्नाचें उत्तर विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशींच देऊन टाकतें. आपल्याकडे शालान्त परीक्षेची गुणवत्ता-यादी वर्तमानपत्रांत झळकत असे तेव्हां घरोघरीं तिचें केवढें पारायण होई, हें ज्यांना आठवत असेल त्यांना यादीचा मोह समजावून सांगण्याची जरूर नाहीं. ती यादी बंद झाली. यादीची भूक कांहीं बंद झाली नाहीं.

शक्ति आणि योग्यता यांची गल्लत ही कांहीं अमेरिकेची मिरास नव्हे. आपल्याकडे सिद्धींचें आकर्षण कमी नव्हतें. परंतु त्याबरोबर सिद्धींविषयीं एक सावधपणाही होता. पतंजलीनें योगसूत्रांच्या तिसऱ्या पादांत नाना प्रकारच्या सिद्धि वर्णिल्या, आणि तेथेंच त्या समाधीच्या वाटेंतील अडथळे आहेत असेंही सांगून ठेविलें. चांगदेव वाघावर बसून, सर्पाचा चाबूक करून ज्ञानदेवादि भावंडांच्या भेटीस निघाले आणि तीं भावंडें भिंत चालवीत सामोरीं गेलीं, ही कथा महाराष्ट्रांत पोराबाळांस ठाऊक आहे. आपण ती भिंतीच्या चमत्कारासाठीं सांगतों. पण तिचा खरा रोख पुढें आहे. एवढा सिद्धपुरुष शेवटीं शिष्य झाला तो मुक्ताबाईचा, एका लहान मुलीचा. वाघावर बसण्याच्या विद्येनें त्याला जें मिळालें नव्हतें तें तिच्यापाशीं होतें.

तर मग प्रश्न उरतो तो हा: जें मुक्ताबाईपाशीं होतें तें शिकवितां येतें काय? वीरत्व हा शिकविण्याचा विषय आहे काय? 'मीनो' या संवादांत सॉक्रेटीस याच प्रश्नाशीं झगडतो. तो थेमिस्टोक्लीझचें उदाहरण देतो. एवढा मोठा पुरुष. त्यानें आपल्या मुलास घोड्यावर बसण्याची विद्या इतकी उत्तम शिकविली कीं, तो मुलगा धांवत्या घोड्यावर उभा राहून भाला फेंकीत असे. पण बापाचा मोठेपणा मुलांत उतरला, असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. जें शिकवितां येतें तें शिकविण्यांत बापानें कसूर केली नव्हती. तेव्हां उरलेलें जें, तें शिकवितां येण्यासारखें नसलेंच पाहिजे. घोड्यावर उभा राहून भाला फेंकणारा हा मुलगा आज असता तर गॉडॉल्किनच्या यादींत त्याचा क्रम बराच वर लागला असता.

या बाबतींत महाभारतानें प्लेटोपेक्षां एक पाऊल पुढें टाकलें आहे असें मला वाटतें. सौप्तिकपर्वाची अखेर आठवावी. रात्रीं निजलेल्या शिबिराची कत्तल करून अश्वत्थामा पळाला आहे. पांडव त्याला गंगेच्या तीरीं गांठतात. तो एक काडी उचलतो आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो. त्याचें निवारण करण्यास अर्जुन तेंच अस्त्र सोडतो. दोन्ही अस्त्रें भिडलीं तर जगाचा नाश, म्हणून व्यास व नारद मध्यें उभे राहतात आणि दोघांस अस्त्रें आवरावयास सांगतात. अर्जुन आवरतो. अश्वत्थाम्यास आवरतां येत नाहीं. गुरु एक, विद्या एक, अस्त्र एक. सोडण्याची कला दोघांनाही येते, परत घेण्याची एकालाच. आणि महाभारतकार त्याचें कारणही देतो: तें अस्त्र सोडण्यास मंत्र पुरतो, परत घेण्यास व्रतस्थ आयुष्य लागतें. ज्यानें तसें आयुष्य काढलें नाहीं तो आवरूं गेला तर तें अस्त्र त्याचाच घात करतें. म्हणजे आवरण्याचा मंत्र द्रोणांनीं मुलापासून लपविला होता असें नव्हे. तो मंत्र चालावयास जो माणूस लागतो तो माणूस अश्वत्थामा झालेला नव्हता.

या एका भेदानें पुष्कळ गोष्टी उलगडतात. शक्ति वापरण्याचें तंत्र शिकवितां येतें, तें मोजतांही येतें, त्याचे क्रमही लावतां येतात. कोण किती जोरानें फेंकतो, किती उंच उडतो, किती वेळांत शत्रूस लोळवितो, या सर्वांचे आंकडे निघतात. परंतु हातांत असलेली शक्ति न वापरतां ठेवणें, अर्ध्यावर आणून मागें घेणें, याचा आंकडा कसा काढणार? जें घडलें नाहीं तें कोणत्या यादींत लिहिणार? अर्जुनानें अस्त्र आवरलें त्या क्षणीं, परीक्षकाच्या दृष्टीनें, त्यानें कांहींच केलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, व्रतस्थपणा हीसुद्धां संवयच ना? मग ती लावतां कां येऊं नये? आक्षेप रास्त आहे. अॅरिस्टॉटलचें मत हेंच होतें कीं, वीणा वाजवून वीणावादक होतो तसा न्यायाचीं कृत्यें करीत करीत माणूस न्यायी होतो, आणि धैर्याचीं कृत्यें करीत करीत धैर्यवान्. सॉक्रेटिसाच्या निराशेपेक्षां मला ही वाट अधिक जवळची वाटते. फक्त एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ज्या कृत्याची संवय तोच गुण अंगीं येतो. चमकण्याची संवय लावली तर चमकण्याचा गुण येईल. होरिकोशींच्या जपानी शाळेची आठवण मी केली ती याचसाठीं. तेथें मुलांसाठीं पूर, भूकंप, आग, जहाजफुटी यांचे देखावे उभारलेलें एक भलें मोठें मंदिर आहे, आणि पहिल्याच वर्षीं त्यांना तेथें नेतात तें शत्रूस मारावयास शिकविण्यासाठीं नव्हे. अडकलेल्यास बाहेर कसें काढावें हें शिकविण्यासाठीं. आपल्या शक्तीनें जीव जाऊं शकतो, हें त्यांचा शिक्षक त्यांना आधीं बजावतो आणि मग म्हणतो कीं आज तीच शक्ति जीव वाचविण्याकडे कशी लावावी तें पाहूं. अमेरिकन विद्यापीठ व ही जपानी शाळा यांतील अंतर इमारतीच्या थाटांत नाहीं, या पहिल्या पाठांत आहे. (त्या जपानी कथेंतील नायक जन्मतः शक्तिहीन आहे आणि त्याला शक्ति मिळते ती, ती मिळण्यापूर्वीं केलेल्या एका धाडसामुळें, हेंही जातां जातां सांगून ठेवतों.)

आणि शक्तीवांचूनच्या वीरत्वाविषयीं बोलावयाचें तर कल्पित कथेंत कशाला जावें? १९५७ सालीं दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरू यांच्यासमोर कार्यक्रम चालला असतां मंडपास आग लागली. तेथें असलेला एक चौदा वर्षांचा बालवीर खांबावर चढला आणि पेटत चाललेलें कापड त्यानें चाकूनें कापून वेगळें केलें. देशांतील मुलांना शौर्याबद्दल दरवर्षीं पारितोषिकें देण्याची प्रथा त्या प्रसंगांतून निघाली. या मुलास उडतां येत नव्हतें. पण खांबावर चढतां येत होतें आणि चाकू वापरतां येत होता, आणि या गोष्टी बालवीरांस शिकवितात. मला हें उदाहरण फार मोलाचें वाटतें, कारण तें दोन्ही बाजूंच्या अतिरेकास आवर घालतें. 'वीर शाळेंत घडत नाहीत' असें म्हणणाऱ्यास तें विचारतें कीं, चढतां आलें नसतें तर त्या मुलाच्या कळकळीचें काय झालें असतें? आणि 'आम्हीं वीर घडवितों' असें म्हणणाऱ्यास विचारतें कीं, चढावयास शिकलेले दुसरे बालवीर त्या मंडपांत नव्हते काय? शाळेनें धैर्य दिलें नाहीं. पण धैर्य जागें झालें त्या क्षणीं हात लुळे पडूं नयेत, एवढी तजवीज तिनें केली. वीरांच्या विद्यापीठास एवढें काम पुरें आहे, आणि तें लहान नाहीं.

येथवर मुलांचा व गुरूंचा विचार झाला. परंतु या कथेंत मला सर्वांत अस्वस्थ करणारी माणसें तीं नव्हेत. तीं आहेत आईबापें. एमा नांवाची मेरीची मैत्रीण आहे. तिला इच्छेनुसार बोटभर लहान होतां येतें. तें ती कसें होते, तर खाल्लेलें अन्न ओकून. आपल्या देहाशीं रोज असें वैर मांडणाऱ्या या मुलीच्या आईस ठाऊक सर्व आहे, आणि तिला चिंता आहे ती मुलीची प्रसिद्धि कमी होऊं नये याची. दुसरा आंद्रे. त्याचे वडील एकेकाळचे नामांकित वीर. लोहचुंबकाप्रमाणें धातु हालविण्याची विद्या दोघांपाशींही. मुलानें आपलें नांव पुढें चालवावें असा बापाचा ध्यास. आणि पुढें कळतें तें असें कीं, त्या शक्तीच्या प्रत्येक वापरानें मेंदूस इजा होत असते. बाप त्यानें आजारी पडलेला आहे. मुलाच्या वाट्यास तोच वारसा आहे.

तान्ह्या मुलास तें द्रव्य टोचणाऱ्या आईबापांना राक्षस म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्यांची बाजू मांडून पाहूं. ते म्हणतील: मुलांसाठीं कोणते आईबाप निर्णय घेत नाहींत? पांचव्या वर्षीं गाण्यास बसवितां, आठव्या वर्षीं पोहावयास पाठवितां, पंधराव्या वर्षीं घरापासून दूर शिकवणीवर्गांत नेऊन सोडतां. यांतल्या कशाला मुलाची संमति घेतां? लस टोचलीत तेव्हां मूल रडलेंच होतें. मग आम्हीं बळ दिलें तर बिघडलें कोठें?

लशीचें उत्तर सोपें आहे. लस मुलास रोगांतून मोकळें करते आणि मग त्याच्याकडून कांहीं मागत नाहीं. लस टोचलेलें मूल शेतकरी होवो, कवि होवो कीं कांहींच न होवो, लशीची फेड झालेली असते. शिवाय शेजारच्या मुलास लस टोचली तर माझ्या मुलाचें नुकसान न होतां उलट हितच होतें. त्या द्रव्याचें तसें नाहीं. त्याची किंमत इतर मुलांपाशीं तें नसण्यांत आहे. सर्वांनाच उडतां आलें तर उडणाऱ्यास टाळ्या कोण वाजविणार? जी देणगी इतरांस न मिळाल्यानेंच मोलाची ठरते ती मुलाच्या हितासाठीं दिली, असें म्हणतांना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

गाण्याचें व शिकवणीवर्गाचें उत्तर इतकें सोपें नाहीं, आणि सोपें आहे असें मी दाखवणारही नाहीं. तेथें सीमारेषा अंधुक आहे. मायकेल सँडेल या अमेरिकन तत्त्वज्ञानें २००७ सालीं 'द केस अगेन्स्ट परफेक्शन' या छोट्या पुस्तकांत हाच प्रश्न जनुकशास्त्राच्या संदर्भांत घेतला. त्याच्या विवेचनाचा गाभा असा कीं, मूल ही आपल्याला मिळालेली देणगी आहे ही जाणीव गेली आणि मूल ही आपण तयार करावयाची वस्तु झाली, कीं पालकपणाचा अर्थच बदलतो. आणि हा बदल जनुकांस हात लावण्यापूर्वींच, नुसत्या हट्टी शिकवणीनेंही घडूं शकतो. प्रश्न आतां कथेंतलाही राहिला नाहीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत चीनमधील एका शास्त्रज्ञानें गर्भावस्थेंतच जनुकें बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचें जाहीर केलें. एका रोगापासून त्यांना संरक्षण मिळावें हा सांगितलेला हेतु. जगभर निषेध झाला, पुढल्या वर्षीं त्याला तीन वर्षांची कैद झाली. परंतु शिक्षा शास्त्रज्ञास झाली. त्या मुलींना कोणी विचारलें नव्हतें, आणि विचारणें शक्यही नव्हतें.

मला स्वतःला एक खूण उपयोगी वाटते. आपण मुलास जें देतों तें परत करण्याची त्यास मुभा आहे काय? गाणें शिकविलेल्या मुलानें विसाव्या वर्षीं तंबोरा खुंटीला टांगला आणि बापानें सुस्कारा टाकून तें सोसलें, तर तें शिक्षण होतें. मुलगा तंबोरा टांगूंच शकत नसेल, टांगला तर घरांतलें त्याचें स्थानच डळमळत असेल, तर तें भांडवल होतें, आणि भांडवलावर व्याज मागणें ओघानेंच आलें. त्या द्रव्याचा दोष त्यानें मिळणाऱ्या बळांत नाहीं. तें रक्तांतून परत काढतां येत नाहीं, यांत आहे. मेरीनें तें मागितलें नव्हतें, तिला तें टाकतां येत नाहीं, आणि त्यानें जें घडलें त्याचा भार मात्र तिच्या एकटीच्या माथीं. आईबाप तर मरून गेले. संमतिपत्रावर सही कोणी केली हें तिनें विचारावें कोणाला?

येथें पुन्हां द्रोणांची आठवण होते. अश्वत्थामा चंचल आहे हें बापास ठाऊक होतें. अर्जुनास तें अस्त्र त्यांनीं आपण होऊन, संतोषानें दिलें; मुलानें तें मागितलें तेव्हां नाखुषीनें दिलें, आणि माणसांवर याचा प्रयोग करूं नको म्हणून बजावून दिलें. बजावणें हें बापाचें समाधान असतें. ज्याला एकेकाळीं दुधाऐवजीं पाण्यांत कालवलेलें पीठ पाजावें लागलें, त्या मुलास पुढें कशालाही 'नाहीं' म्हणणें द्रोणांना कठीण गेलें असेल, असा तर्क मी करतों. व्यासांनीं तसें लिहिलेलें नाहीं. पण दारिद्र्य सोसून वर आलेल्या कोणत्या बापास हा तर्क पटणार नाहीं?

'जेन व्ही'च्या पहिल्या भागाची अखेर मात्र कथाकारांनीं निर्दयपणें लिहिली आहे. जमिनीखालच्या कोठड्यांतून सुटलेले सूडानें पेटलेले तरुण विद्यापीठांत कत्तल मांडतात. त्यांच्या म्होरक्यांपैकीं केट ही मेरीचीच मैत्रीण. तिनें नुसता स्पर्श करून आज्ञा केली कीं समोरच्याची इच्छा नाहींशी होते. ती मेरीच्या सोबत्याच्या अंगावर हात टाकणार तोंच मेरी आपली शक्ति वापरते आणि तो हात निकामी करते, तेवढाच हात. जिनें पूर्वीं नकळत दोन जीव घेतले होते ती या खेपेस, समजून उमजून, एका हातापाशीं थांबते. त्यानंतर सर्वांत बलवान् म्हणून मिरविणारा वीर आकाशांतून उतरतो, मेरीलाच अपराधी ठरवितो आणि जमिनीवर लोळवितो. बातम्यांत कत्तल करणाऱ्यांचा वीर म्हणून गौरव होतो. मेरी आणि तिचे तीन सोबती शुद्धीवर येतात तेव्हां तीं एका पांढऱ्या खोलींत असतात, आणि त्या खोलीला दार नसतें.

ग्लॉकननें मागितलेलीं दोन माणसें अशीं समोरासमोर उभीं राहिलीं. सॉक्रेटिसास ग्लॉकनचें समाधान करावयास त्या ग्रंथाचे उरलेले आठ भाग लागले. २०२५ सालीं आलेल्या दुसऱ्या भागांत मेरी त्या खोलींतून बाहेर पडते, पण त्यांच्यांतील आंद्रे तेथेंच संपलेला असतो. आजारी बाप मात्र मागें उरतो, आणि मुलास आपण काय दिलें याचा हिशेब करीत बसतो.